किडनीपासून कानापर्यंत: एका गुपचूप व्हायरसचा शंभर वर्षांचा माग

ज्यांनी एपिसोड ऐकलाय त्यांच्यासाठी, आणि इयरफोन घरी विसरल्यामुळे आता वाचावं लागतंय त्यांच्यासाठीही. नेहमीसारखा हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातले "बरं का" आणि "म्हणजे बघा" थोडे कमी केलेत, बाकी सगळं तेच.

आज ज्याच्याबद्दल बोलायचंय तो बहुधा तुमच्या अंगातच मुक्कामाला आहे. नाव लांबलचक आहे: सायटोमेगॅलोव्हायरस. डॉक्टर त्याला सरळ सीएमव्ही म्हणतात, आपणही तेच म्हणू. हर्पीस घराण्यातला हा व्हायरस. कांजिण्या आणि नागीण देणारा व्हायरस याचा भाऊबंद, ओठांवर फोड आणणाराही याच घरातला. या घराण्याची खासियत अशी की एकदा शरीरात शिरले की जन्मभर जात नाहीत. भारतात मोठ्या माणसांचं रक्त तपासलं तर बहुतेकांमध्ये सीएमव्ही येऊन गेल्याच्या खुणा सापडतात. लाळ, लघवी, आईचं दूध, रक्त, शरीरसंबंध, अशा सगळ्या वाटांनी तो पसरतो.

आणि तरीही, "मला सीएमव्ही झालाय" असं कुणी म्हटलेलं तुम्ही ऐकलंय? नाही ना?

शाळेत आपण हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट ऐकली. कुणी सोंड धरली, कुणी पाय, कुणी कान, आणि प्रत्येकाने आपापला हत्ती सांगितला. सीएमव्हीचा इतिहास जवळपास तसाच आहे. किडनी पाहणाऱ्याला तो किडनीत दिसला, लाळग्रंथी पाहणाऱ्याला लाळेत, डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळ्यांत. प्रत्येकाने वेगळं नाव दिलं. सगळे मिळून एकच प्राणी आहे हे कळायला अर्धं शतक गेलं. आणि या हत्तीचा कान, अगदी शब्दशः कान, सगळ्यात उशिरा सापडला. आज आपल्याला सगळ्यात जास्त काम पडतं ते त्याच भागाशी.

चला, क्रमाने जाऊ.

किडनी: तेवीस वर्षं थांबलेलं निरीक्षण

साल १८८१, देश जर्मनी. ह्यूगो रिबर्ट नावाचे पॅथॉलॉजिस्ट सिफिलिस असलेल्या एका नवजात मृत बाळाच्या किडनीचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली पाहत होते. तिथे त्यांना काही पेशी विचित्र दिसल्या. शेजारच्या पेशींपेक्षा कितीतरी मोठ्या, फुगलेल्या, आणि मध्यभागी एक गडद गोळा. त्या गोळ्याभोवती फिकट कडं. पुढे डॉक्टरांनी या चेहऱ्याला "घुबडाचा डोळा" म्हणायला सुरुवात केली आणि आजही पॅथॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना हेच चित्र पाठ करावं लागतं.

रिबर्ट यांना हे काय आहे ते कळलं नाही. त्यांनी ते छापलंही नाही.

मग १९०४ साल उजाडलं. येझिओनेक आणि किओलेमेनोग्लू या दोघांनी एका मृत गर्भाच्या फुप्फुसात, किडनीत आणि यकृतात तशाच पेशी पाहिल्या आणि त्याबद्दल लिहिलं. ते वाचल्यावर रिबर्ट यांची ट्यूब पेटली: अरे, हे तर मी पाहिलंय! त्यांनी त्याच वर्षी आपलं जुनं निरीक्षण प्रसिद्ध केलं. शिवाय मुलांच्या कानाखालच्या लाळग्रंथीतही अशा पेशी दिसतात, हेही सांगितलं.

पण या पेशी म्हणजे नक्की काय? त्या काळात व्हायरस ही कल्पनाच नवी होती. मलेरिया आणि अमीबाची आव हे मात्र सगळ्यांना माहीत होते. म्हणून ओळखीच्या चष्म्यातून पाहिलं गेलं. १९१० मध्ये अमेरिकेतल्या स्मिथ आणि वीडमन यांनी तर हा एक नवा अमीबाच आहे असं ठरवून त्याचं बारसंही केलं: एन्टअमीबा मॉर्टिनाटॅलियम. लॅटिनमध्ये अर्थ साधारण "मृत जन्मलेल्या बाळांचा अमीबा". असा अमीबा जगात कुठेच नव्हता. ते होते आपल्याच शरीराचे, फुगलेले पेशीबंधू.

१९२१ मध्ये अर्नेस्ट गुडपाश्चर आणि टॅलबॉट यांनी हे चित्र सरळ केलं. त्यांचं म्हणणं असं की हा बाहेरून आलेला जीव नाही. ही माणसाचीच पेशी आहे, काहीतरी बिघडल्यामुळे मोठी झालेली. कांजिण्यांच्या फोडांतल्या पेशींमध्येही असेच बदल दिसतात, याकडे त्यांनी बोट दाखवलं. या फुगण्याला त्यांनी शब्द वापरला "सायटोमेगॅलिया". ग्रीकमध्ये सायटो म्हणजे पेशी, मेगॅलो म्हणजे मोठी. व्हायरसच्या नावाचा पहिला अर्धा भाग इथे तयार झाला. व्हायरस स्वतः अजून कुणाच्याच हाती लागला नव्हता.

लाळ: जिथे तो होता, पण आजार नव्हता

पुढचा धागा गिनीपिगने दिला. १९२६ मध्ये रूफस कोल आणि अ‍ॅन कटनर यांनी गिनीपिगच्या लाळग्रंथींचा अर्क काढला आणि तो अशा गाळणीतून गाळला की तिच्यात बॅक्टेरियासुद्धा अडकतील. गाळून खाली आलेलं पाणी दुसऱ्या गिनीपिगला टोचलं, तर त्यालाही लागण झाली. म्हणजे कारण बॅक्टेरियापेक्षा लहान होतं. अमीबा तर लांबच राहिला. तेव्हापासून नाव पडलं "लाळग्रंथीचा व्हायरस".

मग १९३२. बोस्टनमध्ये सिडनी फार्बर आणि वोलबाख यांनी वेगवेगळ्या कारणांनी दगावलेल्या १८३ बाळांच्या लाळग्रंथी तपासल्या. त्यातल्या २२ बाळांमध्ये त्या घुबडडोळ्यांच्या पेशी सापडल्या. ही बाळं बहुतेक करून दुसऱ्याच आजारांनी गेली होती. लाळेत व्हायरस होता, पण त्याने काही केलेलं दिसत नव्हतं.

इथे जरा थांबू, कारण सीएमव्ही समजून घेण्याची किल्ली इथेच आहे. लागण होणं वेगळं आणि आजारी पडणं वेगळं. हा व्हायरस रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींमध्ये आणि त्या जिथे तयार होतात तिथे लपून राहतो. या पेशी सगळ्या शरीरात फिरतात, म्हणजे त्याला गाडी फुकट आणि पत्ता कुठलाही. पण आपली इम्युनिटी जागी असेल तर तो गाडीतून उतरत नाही. कोणत्या अवयवात काय लक्षण दिसेल हे व्हायरसपेक्षा जास्त यावर ठरतं की त्या माणसाचा पहारेकरी त्या वेळी कुठल्या अवस्थेत आहे. अजून तयारच झालेला नाही, जसा गर्भातल्या बाळाचा? औषधांनी मुद्दाम झोपवलाय, जसा ट्रान्सप्लांटच्या रुग्णाचा? की एचआयव्हीने संपवलाय?

पुढची प्रत्येक गोष्ट या तीन प्रश्नांपैकी एकाचं उत्तर आहे.

यकृत, प्लीहा, मेंदू: नवजात बाळाचा आजार

१९५० पर्यंत ही सगळी माहिती मृत्यूनंतरच्या तपासणीतून येत होती. जिवंत बाळात ओळखायचं कसं? उत्तर निघालं लघवीत. १९५२ मध्ये फेटरमन यांनी एका जिवंत बाळाच्या लघवीत त्याच मोठ्या पेशी मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. पहिल्यांदाच रुग्ण जिवंत असताना निदान शक्य झालं.

ही बाळं कशी दिसायची? जन्मताच वजन कमी. कातडी आणि डोळे पिवळे, म्हणजे कावीळ. अंगावर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके, कारण रक्तातल्या प्लेटलेट्स कमी. पोट हाताने चाचपलं तर यकृत आणि प्लीहा दोन्ही वाढलेली. काहींचं डोकं वयाच्या मानाने लहान, आणि एक्स-रे काढला तर मेंदूतल्या पोकळ्यांभोवती कॅल्शियमचे पांढरे डाग. काहींना झटके यायचे. काहींच्या डोळ्यांच्या पडद्याला सूज.

आता १९५६-५७ ही दोन वर्षं ऐका, सिनेमासारखी आहेत. अमेरिकेत तीन वेगवेगळ्या ठिकाणी, तीन वेगवेगळे लोक, जवळजवळ एकाच वेळी हा व्हायरस प्रयोगशाळेत वाढवतात.

सेंट लुइसमध्ये मार्गारेट स्मिथ. त्यांनी आधी उंदरांच्या लाळग्रंथीचा व्हायरस वाढवून दाखवला होता. मग माणसाचा मिळवला, तोही दगावलेल्या बाळांच्या ऊतींमधून. दुसरे वॉलेस रो. ते मुलांच्या ऑपरेशनमध्ये काढलेले अ‍ॅडिनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढवून पाहत होते आणि त्यात अनपेक्षितपणे हा पाहुणा निघाला. त्यांनी मिळवलेला व्हायरसचा नमुना पुढे कित्येक दशकं जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला गेला.

तिसरे बोस्टनचे थॉमस वेलर. पोलिओचा व्हायरस प्रयोगशाळेत वाढवण्यासाठी त्यांना एन्डर्स आणि रॉबिन्स यांच्याबरोबर १९५४ चं नोबेल मिळालेलं होतं. त्यांच्याकडे एका आजारी बाळाच्या यकृताचा तुकडा आला. संशय होता टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा, कारण त्याची लक्षणंही अशीच असतात. परजीवी मिळालाच नाही. पेशी फुगायला लागल्या, आणि मध्ये तो गडद गोळा. पुढे १९६० मध्ये वेलर आणि सहकाऱ्यांनी सुचवलं की "लाळग्रंथीचा व्हायरस" हे नाव आता पुरत नाही. हा यकृतात आहे, मेंदूत आहे, किडनीत आहे. एका अवयवाचं नाव त्याला कसं द्यायचं? म्हणून नाव ठेवलं तो जे करतो त्यावरून: पेशी मोठी करणारा. सायटोमेगॅलोव्हायरस.

हत्तीला हत्ती म्हणायला १८८१ पासून १९६० पर्यंत वेळ लागला.

साधा ताप, जो आठवडे जात नाही

आता निरोगी तरुणांकडे येऊ, म्हणजे तुमच्या-आमच्याकडे. १९६५ मध्ये फिनलंडच्या क्लेमोला आणि कॅरियाइनेन या डॉक्टरांनी काही रुग्ण पाहिले. आधी धडधाकट असलेली माणसं. ताप दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त. थकवा इतका की जिना चढवत नाही. रक्तात विचित्र आकाराच्या पांढऱ्या पेशी, यकृताच्या तपासण्या थोड्या बिघडलेल्या. सगळं चित्र ग्लँड्युलर फीव्हरसारखं, ज्याला पाश्चात्त्य देशांत "किसिंग डिसीज" म्हणतात. पण त्या आजाराची नेहमीची टेस्ट निगेटिव्ह. कारण होता सीएमव्ही. त्या नेहमीच्या ग्लँड्युलर फीव्हरमध्ये घसा खूप दुखतो आणि मानेतल्या गाठी सुजतात; सीएमव्हीत हे कमी, ताप आणि थकवा जास्त.

त्याच सुमारास हृदयाची मोठी ऑपरेशनं सुरू झाली होती, आणि त्यात बाटल्याच्या बाटल्या रक्त द्यावं लागायचं. ऑपरेशन नीट पार पडायचं, पेशंट घरी जायचा, आणि तीन ते सहा आठवड्यांनी ताप, वाढलेली प्लीहा, तेच रक्तचित्र. पुन्हा फिनलंडच्याच गटाने १९६६ मध्ये हा धागा सीएमव्हीशी जोडला. रक्तदात्याच्या पांढऱ्या पेशींत लपलेला व्हायरस बाटलीतून प्रवास करत होता. आज नाजूक रुग्णांसाठी पांढऱ्या पेशी गाळून काढलेलं रक्त वापरतात, त्याची एक मोठी प्रेरणा हीच.

निरोगी माणसात हा ताप बहुतेक वेळा आपोआप जातो, औषध लागत नाही. म्हणून डॉक्टर "व्हायरल आहे, आराम करा" म्हणतात तेव्हा त्या "व्हायरल"मध्ये कधीकधी सीएमव्हीही असतो. आपल्याकडे तर बहुतेकांना लागण लहानपणीच होऊन जाते, कुणाला पत्ताही न लागता.

फुप्फुस: झोपवलेला पहारेकरी

१९६० च्या दशकात अमेरिकेत किडनी ट्रान्सप्लांट वाढू लागले. दुसऱ्याची किडनी शरीराने नाकारू नये म्हणून इम्युनिटी दाबणारी औषधं द्यावी लागत. किडनी चालायची, पण काही आठवड्यांनी रुग्णाला ताप, कोरडा खोकला, धाप, आणि रक्तातला ऑक्सिजन घसरायचा. शवविच्छेदनात फुप्फुसांमध्ये तीच घुबडं डोळे वटारून बसलेली.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटमध्ये परिस्थिती आणखी वाईट होती. तिथे सीएमव्हीचा न्यूमोनिया झाला की बहुतेक रुग्ण वाचत नसत. कॅन्सर बरा केला आणि लहानपणापासून अंगात गप्प बसलेल्या व्हायरसने माणूस नेला, असं डॉक्टरांना पाहावं लागलं. योगायोग बघा: १९३२ मध्ये बाळांच्या लाळग्रंथी तपासणारे सिडनी फार्बर हेच पुढे ल्युकेमियाच्या केमोथेरपीचे प्रवर्तक म्हणून जगभर ओळखले गेले.

आज ट्रान्सप्लांटनंतर रक्तातला सीएमव्ही नियमित मोजतात, आणि लक्षणं दिसायच्या आधीच औषध सुरू करतात. काही रुग्णांना तर पहिल्या दिवसांपासूनच प्रतिबंधक गोळी दिली जाते. न्यूमोनियाची वाट पाहायची नाही, हा धडा त्या काळाने दिला.

डोळा: न दुखता जाणारी दृष्टी

५ जून १९८१. अमेरिकेच्या साथरोग खात्याच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांबद्दल एक छोटी नोंद छापली गेली. पाचही जणांना एक दुर्मिळ न्यूमोनिया, आणि पाचही जणांत सीएमव्हीची लागण. ही एड्सच्या साथीची पहिली अधिकृत नोंद. एचआयव्ही तेव्हा कुणाला माहीत नव्हता, आणि काही काळ सीएमव्हीच या सगळ्याच्या मुळाशी असावा अशी शंकाही घेतली गेली. तो मूळ नव्हता. पहारेकरी संपल्यावर घरात घुसणाऱ्यांपैकी तो एक होता.

एड्सच्या रुग्णांमध्ये त्याने सगळ्यात जास्त घाव घातला डोळ्यांवर. आधी डोळ्यांसमोर काळे ठिपके किंवा जाळं तरंगल्यासारखं. कधी लखकन प्रकाश. मग नजरेचा एखादा कोपरा धूसर. डोळा लाल नाही, दुखत नाही. म्हणून लोक थांबायचे. आत पडद्यावर पांढऱ्या सुजेत रक्ताचे लाल शिंतोडे पसरत जायचे; डॉक्टरांनी त्या दृश्याची तुलना चक्क चीज-केचपशी केली. उपचार नसेल तर त्या डोळ्याची दृष्टी जायची, बऱ्याचदा दुसऱ्याचीही.

याच रुग्णांमध्ये अन्ननलिकेत फोड येऊन घास गिळताना जीव जायचा. आतड्यात झाला तर पोटदुखी, जुलाब, शौचातून रक्त. मणक्यातून निघणाऱ्या नसांपर्यंत गेला तर पाय लुळे पडून लघवी अडायची.

१९८९ मध्ये अमेरिकेत गॅनसायक्लोव्हिर या औषधाला मान्यता मिळाली, खास सीएमव्हीच्या या डोळ्यांच्या आजारासाठी. पण डोळ्यांचं नशीब खरं पालटलं ते १९९६ नंतर, एचआयव्हीवर तीन औषधांचा एकत्र उपचार आल्यावर. पहारेकरी पुन्हा उभा राहिला आणि नव्या रुग्णांची संख्या झपाट्याने घसरली. १९९८ मध्ये याच आजारासाठी डोळ्यात टोचायचं फोमिव्हिरसेन हे औषध आलं. जनुकाचा निरोप मध्येच अडवणाऱ्या औषधांतलं मान्यता मिळालेलं जगातलं पहिलं औषध. पण ते आलं तोवर रुग्णच इतके कमी झाले की पुढे ते बाजारातून मागे घेतलं गेलं.

आतडं: कोविडच्या दुसऱ्या लाटेत

आतड्यातला सीएमव्ही आपल्याकडे अगदी अलीकडे बातम्यांत आला. एप्रिल-मे २०२१, कोविडची दुसरी लाट. दिल्लीच्या सर गंगाराम हॉस्पिटलने पाच रुग्णांची माहिती दिली. कोविडचं निदान झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी त्यांना पोटदुखी आणि शौचातून रक्तस्राव सुरू झाला. तपासणीत सीएमव्ही निघाला. हे एचआयव्हीचे किंवा ट्रान्सप्लांटचे रुग्ण नव्हते. पण आधी कोविडने आणि मग त्यावरच्या स्टेरॉइड्सने त्यांची इम्युनिटी खाली आणली होती. एकाचा मृत्यू झाला, एकाच्या मोठ्या आतड्याचा भाग तातडीने काढावा लागला, तिघं गॅनसायक्लोव्हिरने बरे झाले.

म्हणजे १९६० च्या दशकातला तोच धडा. पहारेकरी कशाने का झोपेना, व्हायरस वाट पाहत असतो.

आणि आता कान

आतापर्यंत जेवढी लक्षणं पाहिली त्या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: काहीतरी दिसतं. कावीळ दिसते, ठिपके दिसतात, रक्त दिसतं. रुग्ण तक्रार करतो. कानाचं तसं नाही. तान्हं बाळ सांगू शकत नाही की मला डाव्या कानाने ऐकू येत नाही.

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात डॉक्टरांच्या एका गटाने अशी मुलं शोधली जी गर्भातच सीएमव्हीने बाधित झाली होती, पण जन्मताना अगदी छान होती. वजन ठीक, कावीळ नाही, डोकं नीट. कुणीही त्यांना "निरोगी बाळ" म्हणून घरी पाठवलं असतं. १९७४ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: यातल्या काही मुलांना पुढे बहिरेपण येत होतं. आतल्या कानाच्या नाजूक भागाला इजा होत होती, आणि ती हळूहळू वाढत होती.

आज आपल्याला हे माहीत आहे की आनुवंशिक कारणं सोडली तर मुलांमधल्या कायमच्या बहिरेपणाचं सगळ्यात मोठं कारण जन्मजात सीएमव्ही आहे. अमेरिकेत साधारण दर २०० बाळांमागे एक बाळ ही लागण घेऊन जन्मतं, आणि अशा दर पाचांमधल्या एकाला दीर्घकाळ टिकणारा काहीतरी त्रास होतो. सगळ्यात जास्त वेळा तो ऐकण्याचाच असतो. कधी एका कानात, कधी दोन्ही. आणि फसवणूक अशी की जन्मानंतरच्या हिअरिंग टेस्टमध्ये बाळ पास होऊ शकतं, आणि दोन-तीन वर्षांनी ऐकणं कमी होऊ शकतं. मग घरात काय म्हणतात? "लक्ष देत नाही." "मुलगे उशिराच बोलतात." "याचा काकाही असाच होता."

आता २१ हा आकडा लक्षात ठेवा. बाळाला लागण गर्भातच झाली होती की जन्मानंतर, हे ठरवायचं तर लाळेची किंवा लघवीची तपासणी जन्मापासून २१ दिवसांच्या आत करावी लागते. त्यानंतर टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी व्हायरस आईच्या दुधातून आलाय की गर्भातून, हे सांगता येत नाही. (दुधातून आलेला व्हायरस पूर्ण दिवस भरलेल्या बाळाला सहसा काही करत नाही. स्तनपान बंद करायचं नाही.) निदान वेळेत झालं तर लक्षणं असलेल्या बाळांना व्हॅलगॅनसायक्लोव्हिर हे तोंडाने द्यायचं औषध देता येतं. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सहा महिने उपचार घेतलेल्या बाळांना सहा आठवडेवाल्यांपेक्षा ऐकण्यात आणि विकासात थोडा, पण मोजता येण्याजोगा फायदा दिसला. आणि औषध नाही दिलं, तरी कानाची तपासणी पुन्हा पुन्हा करत राहता येते. बहिरेपण सहाव्या महिन्यात कळणं आणि चौथ्या वर्षी कळणं, यात त्या मुलाच्या भाषेचा सगळा फरक असतो.

म्हणूनच अमेरिकेतल्या यूटा राज्याने २०१३ मध्ये कायदा केला की हिअरिंग टेस्टमध्ये नापास झालेल्या बाळाची सीएमव्ही तपासणी व्हावी. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने २०१९ मध्ये नवजात बाळांच्या नेहमीच्या तपासणीत सीएमव्ही घेतला, आणि २०२३ मध्ये मिनेसोटाने सगळ्या बाळांची तपासणी सुरू केली.

मग आपलं काय?

आपल्याकडे बरीच वर्षं एक समज होता. भारतात जवळजवळ प्रत्येक आईला सीएमव्ही आधीच होऊन गेलेला असतो, म्हणजे तिच्याकडे अँटीबॉडी आहेत, म्हणजे बाळ सुरक्षित. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. पण एम्सच्या संशोधकांनी दिल्लीजवळच्या निमशहरी भागात नवजात बाळं तपासली आणि २००८ मध्ये निष्कर्ष मांडले. जवळपास सगळ्या आया आधीच बाधित होत्या, आणि तरी सुमारे २ टक्के बाळांमध्ये जन्मजात सीएमव्ही सापडला. जुना व्हायरस पुन्हा जागा होऊ शकतो, किंवा त्याच्याच जातीतला दुसरा शिरू शकतो. अँटीबॉडी धोका कमी करतात, शून्य करत नाहीत.

यातून दोन व्यवहाराच्या गोष्टी निघतात.

पहिली, टॉर्च टेस्टबद्दल. गरोदरपणात अनेकींना ही टेस्ट सांगितली जाते. टॉर्चमधला "सी" म्हणजे सीएमव्ही. रिपोर्ट मोबाइलवर येतो, "आयजीजी पॉझिटिव्ह" दिसतं आणि घर हादरतं. पण आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे हा व्हायरस कधीतरी येऊन गेलाय, एवढंच. आपल्याकडे ते बहुतेकींचं असणारच. "आयजीएम पॉझिटिव्ह" सुद्धा एकट्याने काही सिद्ध करत नाही, ते चुकीचंही येऊ शकतं. एका ओळीवरून गर्भपाताचा विचार करणं किंवा सासरी बोलणी ऐकणं, याला वैद्यकीय आधार नाही. पुढची तपासणी काय करायची हे स्त्रीरोगतज्ज्ञांनाच विचारा.

दुसरी गोष्ट उष्ट्याबद्दल. लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत हा व्हायरस महिनोन् महिने असू शकतो. दुसऱ्यांदा गरोदर असलेली आई पहिल्या मुलाच्या ताटातला उरलेला भात खाते, त्याचाच चमचा तोंडात घालते. आपल्याकडे हे इतकं सहज आहे की त्याला कुणी सवयही म्हणत नाही. मुलापासून लांब राहायची गरज नाही. लंगोट बदलल्यावर, नाक पुसल्यावर साबणाने हात धुवायचे, उष्टं त्या नऊ महिन्यांपुरतं टाळायचं, आणि पापा ओठांऐवजी कपाळाचा घ्यायचा. या व्हायरसवर लस शोधायचे प्रयत्न १९७० च्या दशकापासून चालू आहेत, पण बाजारात अजून एकही नाही. तोवर साबण हीच लस. आणि ताट वाटून घेताना घरातल्या बाकीच्यांनीही जरा लक्ष ठेवलं, तर सगळा भार तिच्या एकटीवर पडणार नाही.

रिबर्ट यांनी घुबडाचा डोळा पाहिला तेव्हा त्यांच्याकडे त्याला नाव नव्हतं. आज आपल्याकडे नाव आहे, टेस्ट आहे, औषध आहे. त्या २१ दिवसांत कुणाला तरी विचारायचं सुचलं पाहिजे, एवढंच बाकी आहे. तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी पाळणा हलणार असेल, आणि बाळ हिअरिंग टेस्टमध्ये अडखळलं, तर डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: "सीएमव्ही पाहून घ्यायचा का?" कदाचित ते नाही म्हणतील, आणि त्यांचं कारण बरोबरही असेल. पण प्रश्न २१ व्या दिवसाच्या आधी विचारलेला बरा.

हा इतिहासाचा एपिसोड होता, प्रिस्क्रिप्शन नाही. औषधाचं काहीही डॉक्टरांशिवाय ठरवू नका. प्रश्न असतील तर खाली लिहा, पुढच्या भागात घेऊ. आणि हा मजकूर घरातल्या फॅमिली ग्रुपवर टाका. गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये एखादं कामाचंही जाऊ दे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!